आधी कागद, मग पाना!

घराच्या जिन्याखाली, सोसायटीच्या वाहनतळाच्या कोपऱ्यात किंवा गावाकडे गोठ्याच्या आडोशाला ताडपत्रीखाली वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जावा आणि येझदी मोटारसायकली अलीकडे पुन्हा बाहेर निघू लागल्या आहेत. कुणाला वडिलांची आठवण जपायची असते. कुणाला महाविद्यालयीन दिवसांत न परवडलेली गाडी आता दारात हवी असते. म्हैसूरचा कारखाना बंद पडल्यानंतर जन्मलेल्या तरुणांना तिचे हँडल खाली घेऊन, आसन छाटून 'कॅफे रेसर' करण्याची हौस असते. हेतू कोणताही असो, गाडी गॅरेजमध्ये गेली की पहिला खर्च होतो तो रंगावर आणि क्रोमवर. मग गाडी लखलखते, पहिल्या रविवारी घाट चढते आणि दुसऱ्या रविवारी टेम्पोत घालून परत येते.

असे होण्याचे एक कारण म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाच्या स्वभावाकडे झालेले दुर्लक्ष. दुसरे कारण त्याहून साधे आहे. गाडी मूळ रूपात परत आणायची की तिचे रूप पालटायचे, हा निर्णय काम सुरू होण्याआधी कुणी घेतलेलाच नसतो. काम चालू असताना तो हळूहळू आपोआप होत जातो. कारखान्याने जोडलेली चौकट एकदा कापली, क्रमांकाचा ठसा एकदा घासला गेला की परतीची वाट बंद होते आणि हे मालकाला बहुतेकदा फार उशिरा कळते.

प्रागहून म्हैसूरला

प्रागमधील उद्योजक फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या 'वाँडरर' कंपनीकडून मोटारसायकलींचा व्यवसाय घेतला. यानेचेकमधला 'जा' आणि वाँडररमधला 'वा' मिळून 'जावा' हे नाव तयार झाले. भारतात या गाडीचे बस्तान बसवले ते मुंबईच्या रुस्तम इराणी यांनी. त्यांनी फारोख इराणी यांच्यासह स्थापन केलेल्या 'आयडियल जावा' कंपनीच्या म्हैसूर येथील कारखान्यातून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्याच वंशातील गाडी 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली, तर १९७८ मध्ये 'रोडकिंग' आली. पुढे शंभर सीसीच्या जपानी तंत्राच्या गाड्यांची स्पर्धा, प्रदूषणाचे कडक होत गेलेले निकष आणि कारखान्यातील कामगार तंटे यांच्या कात्रीत सापडून १९९६ मध्ये उत्पादन थांबले.

ही दोन्ही नावे आता बाजारात परत आली आहेत, जावा २०१८ मध्ये आणि येझदी २०२२ मध्ये. मात्र नव्या गाड्या फोर-स्ट्रोक आहेत. दोन नळकांड्यांतून येणारा तो तुटक आवाज आणि मागे रेंगाळणारा निळसर धूर ज्यांना हवा आहे, त्यांना जुन्या गाडीशिवाय पर्याय नाही. या धुरात काव्य शोधणाऱ्यांची संख्या कमी नाही. मागच्या गाडीवर बसलेल्याला त्यात काव्य दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

पन्नाशी गाठलेल्या गाड्यांचा प्रश्न

जुन्या गाडीबाबत पहिली तपासणी करायची ती इंजिनाची नव्हे, तर नोंदणी पुस्तकाची. मोटार वाहन कायद्यानुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. वीस-तीस वर्षे बंद असलेल्या गाडीचे हे नूतनीकरण राहून गेलेले असते. हस्ताक्षरातील जुन्या पुस्तकाची नोंद संगणकीय प्रणालीत चढलेलीच नाही, असेही वारंवार घडते. ती चढवून घेणे, थकलेला पर्यावरण कर आणि दंड भरणे, वारसाच्या नावे हस्तांतर करणे आणि आता जुन्या वाहनांनाही सक्तीची झालेली उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे, एवढी वाट चालावी लागते. गाडी विकत घेणाऱ्याने इंजिन आणि चौकटीवरील क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय इसारही देऊ नये. कागद नसलेली येझदी स्वस्त मिळते खरी, पण ती पुढे दिवाणखान्यातच उभी करावी लागते.

याच टप्प्यावर मूळ रूप की नवे रूप, हा प्रश्न कायद्याच्या अंगानेही उभा राहतो. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटून गेलेल्या खासगी दुचाकी आणि चारचाकी वाहनांना हा दर्जा मिळू शकतो. ही नोंदणी दहा वर्षांसाठी असते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर नूतनीकरणाचे पाच हजार रुपये ठरले आहे. आधीच नोंद असलेल्या वाहनाला आपला जुना क्रमांक राखता येतो, नव्याने नोंद होणाऱ्याला 'व्हीए' अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामाला नाही.

सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे वाहन मूळ रूपात असले पाहिजे. चौकट, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. साठच्या दशकातील जावा तर या वयात बसतातच, पण १९७३ नंतरच्या पहिल्या येझदीही आता पन्नाशी गाठून बसल्या आहेत. म्हणजे आज हौसेने मागची चौकट कापून 'बॉबर' केलेली गाडी नेमकी मान मिळण्याच्या वयात त्या मानाला मुकते.

फेरफार केलेली गाडी रोज वापरायची म्हटले तरी कायदा आडवा येतोच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. रंग बदलता येतो, पण परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून. त्याच बनावटीचे दुसरे इंजिन बसवायचे तर आधी परवानगी हवी.

एक सूचना येथेच करायला हवी. चौकट रंगवण्यापूर्वी वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढण्याची पद्धत आहे. हे काम करणाऱ्याला क्रमांकाच्या ठशाचे महत्त्व ठाऊक असेलच असे नाही. मारा जोराचा झाला तर ठसा पुसट होतो, वर भट्टीतील पावडर रंगाचा जाड थर बसला तर तो दिसेनासा होतो. मग तपासणीच्या दिवशी निरीक्षकापुढे मालक निरुत्तर. त्या जागेवर आधीच जाड चिकटपट्टी लावून घ्यावी आणि छायाचित्रही काढून ठेवावे.

इंजिन नव्हे, दोन पंप

फोर-स्ट्रोक इंजिनात झडपा असतात, तळाशी तेल असते आणि इंधनाचा मार्ग तेलाच्या मार्गापासून वेगळा असतो. जावाच्या इंजिनात यातले काहीच नाही. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, पोकळी निर्माण होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, हवा व तेल यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये चढते आणि जळालेल्या वायूला बाहेर ढकलते. पिस्टनच्या वर ज्वलन होते आणि खाली पंप चालतो. हा खालचा पंप हवाबंद नसेल तर वरचा सिलिंडर कितीही नवा असला तरी उपयोग नाही.

आणि हा पंप जिथे फुटतो ती जागा बाहेरून दिसत नाही. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतात. वीस वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते वाळून कडक झालेले असतात. डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेनचे तेल असते. तिकडचे सील गेले तर इंजिन ते तेल ओढून जाळू लागते. दाट पांढरा धूर काही केल्या थांबत नाही आणि क्लचच्या पेटीतील तेल मात्र कमी होत राहते. उजवीकडे डायनॅमो असतो, तिथे कोरडी हवा. त्या बाजूचे सील गेले तर धूर येत नाही, आवाज येत नाही, गाडी उलट जरा जास्तच चपळ वाटते. प्रत्यक्षात फाजील हवा आत शिरून मिश्रण पातळ झालेले असते. पेट्रोल कमी म्हणजे त्यातून येणारे तेलही कमी. ॲल्युमिनियमचा पिस्टन तापून बिडाच्या सिलिंडरपेक्षा अधिक फुगतो आणि चालत्या गाडीत जाम होतो. मागचे चाक अडकते. घाटात हे घडले तर केवळ इंजिनाचेच नुकसान होईल असे नाही.

यावर तपासणी आहे आणि ती सोपीही आहे. कार्बोरेटरचे आणि धुराड्याचे तोंड बंद करून पेटीत सायकलच्या पंपाने थोडीशी, साधारण सहा पौंड दाबाची हवा भरायची आणि काटा काही मिनिटे स्थिर राहतो का ते पाहायचे. जिथे शंका असेल तिथे साबणाचे पाणी लावले की बुडबुडे दिसतात. दहा मिनिटांचे काम. आश्चर्य असे, की टाकीवरच्या सोनेरी रेघेसाठी चार दिवस देणारे अनेक कारागीर या दहा मिनिटांना फाटा देतात.

दुसरी अदृश्य जागा क्रँकची. जावाचा क्रँक अखंड नसतो. दोन जड चकत्या, त्यांच्यामधली पिन, पिनेभोवती फिरणारे रोलर आणि कनेक्टिंग रॉड हे सारे दाबून एकत्र बसवलेले असते. उभ्या गाडीत पावसाळ्याची दमट हवा शिरून या रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. दुरुस्तीसाठी क्रँक दाबयंत्रावर उघडायचा, नवा संच बसवायचा आणि मग दोन्ही बाजू एका रेषेत आल्या आहेत की नाहीत हे डायल गेजवर मिलिमीटरच्या शतांशांत पाहायचे. तांब्याच्या हातोडीचा एक ठोका इकडे, एक तिकडे. हे काम हाताला कळते, पुस्तकातून येत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा मोठ्या शहरांच्या जुन्या पेठांत लेथ आणि बोअरिंगची कामे करणाऱ्यांत असे हात अजून आहेत, पण त्यांची पुढची पिढी या कामात फारशी उतरलेली नाही.

सिलिंडर झिजला असेल तर तो पाव मिलिमीटरच्या टप्प्याने मोठा करून त्या मापाचा पिस्टन बसवतात. येथे क्रम महत्त्वाचा. आधी पिस्टन हातात घ्यायचा, तो मोजायचा आणि मग त्याच्या मापाने सिलिंडर कापायचा. बाजारातील पिस्टन डबीवर छापलेल्या मापाचा असतोच असे नाही.

पेट्रोल बदलले, गाडी नाही

जुन्या गाड्यांच्या मालकांपुढे नव्याने उभी राहिलेली अडचण इंधनाची आहे. देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू असल्यामुळे तेवढ्याच हवेला अधिक इंधन लागते. म्हणजे साठच्या दशकात शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटवर आज गाडी आपोआप पातळ मिश्रणावर चालते आणि पातळ मिश्रणाचा टू-स्ट्रोकमधील परिणाम वर आलाच आहे. मुख्य जेट एखाद-दोन माप मोठा घेऊन आणि प्लगचा रंग पाहून हे जुळवावे लागते. तपकिरी प्लग ठीक, पांढराफटक प्लग हा इशारा.

इथेनॉल पाणीही ओढून घेते. महिनोन्महिने उभ्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीत ते तळाला साचते आणि आतून गंज धरतो. जुने रबर, पेट्रोलच्या कॉकमधील बुचाचे पॅकिंग, टाकीच्या आतला जुना लेप यांनाही ते मानवत नाही. लांबच्या मुक्कामाआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करणे हा सर्वांत स्वस्त उपाय. तेलाच्या प्रमाणात मात्र काटकसर नको. या गाड्यांना वेगळा तेलपंप नाही, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. लिटरला ३० ते ४० मिलिलिटर हे रूढ प्रमाण असून नव्या बोअरच्या गाडीला वरचे प्रमाण द्यावे.

सायलेन्सर हा इंजिनाचाच भाग

फेरफाराची सर्वाधिक हौस फिटते ती सायलेन्सरवर आणि सर्वाधिक नुकसानही तिथेच होते. टू-स्ट्रोकमध्ये धुराडे केवळ आवाज दाबत नाही. जळालेला वायू बाहेर पडताना दाबाची एक लाट नळीतून जाते, पुढच्या निमुळत्या भागावर आपटून परतते आणि सिलिंडरबाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. नळीची लांबी आणि फुगवटा यांवर ही लाट वेळेवर परतते की नाही हे अवलंबून असते.

हे शास्त्र पन्नाशीच्या दशकात पूर्व जर्मनीतील 'एमझेड' कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी पक्के केले. अपुऱ्या साधनांवर त्यांनी १२५ सीसीच्या इंजिनातून सुमारे २५ अश्वशक्ती काढली. १९६१ मध्ये त्यांचा शर्यतपटू अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान घेऊन 'सुझुकी'कडे गेला आणि १९६२ मध्ये त्याने ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद जिंकले. जपानी टू-स्ट्रोकच्या पुढील भरारीला या पलायनाचा मोठा हातभार लागला.

मुद्दा एवढाच, की सायलेन्सरमधील जाळी काढून आवाज वाढतो, ताकद वाढत नाही. अनेकदा ती घटते. जावाच्या एकाच सिलिंडरला दोन धुराडी आहेत आणि दोहोंत वर्षानुवर्षांची काजळी साचलेली असते. ती साफ केली तरी गाडी बदलल्यासारखी वाटते. भोके पाडलेल्या सायलेन्सरचे पुढे काय होते, हे वाहतूक पोलिसांनी जप्त मालावर रोलर फिरवल्याच्या छायाचित्रांतून वाचकांनी पाहिलेच असेल.

ताकद वाढवण्याबाबत एक हिशेब पुरेसा बोलका आहे. येझदीच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७५ मिलिमीटर आहे. 'आरएक्स १००' या १९८५ ते १९९६ दरम्यान विकल्या गेलेल्या लोकप्रिय यामाहाची चाल ५० मिलिमीटर. यामाहा आपली ११ अश्वशक्ती मिनिटाला ७५०० फेऱ्यांवर देते, तेव्हा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर असतो. येझदीचा पिस्टन नेमका तेवढाच वेग ५००० फेऱ्यांनाच गाठतो. पोर्ट घासून, हेड तासून येझदीला यामाहासारखे किंचाळायला लावणारा मालक म्हणजे बैलाला शर्यतीच्या घोड्याचा खरारा करणारा शेतकरी. ही गाडी खालच्या फेऱ्यांवर ओढण्यासाठी घडवलेली आहे, तिची गंमतही त्यातच आहे.

मग बदल करायचेच नाहीत का? करावेत, पण नटबोल्ट सोडून परत घेता येतील असे. जुन्या जावाचा डायनॅमो सहा व्होल्टचा आणि ४५ वॉटचा. पुढचा दिवा, मागचा दिवा, भोंगा आणि बॅटरी सारे त्यावरच. रात्रीच्या महामार्गावर हा उजेड धोकादायक म्हणावा इतका अपुरा आहे. चेक कंपनी 'वापे'चा बारा व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक इग्निशन संच जुन्या डायनॅमोच्या जागी बसतो, पॉइंट साफ करण्याची कटकट संपते आणि काढलेला डायनॅमो फडक्यात गुंडाळून जपून ठेवता येतो. हँडल, आसन, चांगले ब्रेक लायनर, नवे टायर यांचेही तसेच. काढलेला प्रत्येक मूळ भाग नाव लिहून ठेवावा. क्लचच्या बुचाच्या पट्ट्या, गिअर आणि किक या दोन्ही कामांना येणारा तो एकच दांडा, टाकीच्या गुडघ्याजवळच्या रबरी पट्ट्या, असल्या वस्तूंसाठी पुण्यातील जुना बाजार आणि नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाऊस आणि कुर्ला यांच्या फेऱ्या माराव्या लागतात. नकली भाग मिळतात, मापाला बसतीलच असे नाही.

क्रोमचा सोस असेल तर एक लक्षात ठेवावे. चकाकीसाठी पत्रा आधी घासून गुळगुळीत करतात. सायलेन्सरचा जुना पातळ पत्रा दोनदा असा घासला की आरपार होतो. आणि रंग, क्रोम ही कामे सर्वांत शेवटी करावीत. इंजिन हवाबंद ठरल्यावर, गाडी कळकट रूपातच काही दिवस चालवून पाहिल्यावर. प्रदूषण तपासणीही त्याच वेळी उरकावी. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के आणि हायड्रोकार्बन नऊ हजार पीपीएमपर्यंत मुभा आहे. सील शाबूत आणि कार्बोरेटर जुळलेला असेल तर जुनी येझदी त्यात बसते.

नव्या बोअरच्या गाडीला पहिले काही शे किलोमीटर सांभाळूनच न्यावे लागते. एका वेगावर फार वेळ नाही, चढावर वरच्या गिअरमध्ये रेटणे नाही आणि लांब उतारावर थ्रॉटल पूर्ण मिटून गिअरमध्ये सोडणे तर नाहीच. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. उतरताना मूठ मधूनमधून हलकेच पिळत राहायची. जुने चालक हे सवयीने करत असत. आज फोर-स्ट्रोकवरून येझदीवर बसणाऱ्याला ते आवर्जून सांगावे लागते.